दिवाळसणाचा हेडफोन

आमच्या ह्यांना गाण्याचं वेड आहे, हे लग्न ठरतानाच कळलं होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. कचेरीतून आले की टेपजवळ बसतात, एवढंच काय ते व्यसन. माझ्या वडिलांनी हे कौतुकानं अर्ध्या धुळ्याला सांगितलं. मीही हुरळले. जो माणूस गाणं एवढं मन लावून ऐकतो तो बायकोचंही ऐकेल, असं वाटलं मला. वय लहान होतं, अक्कलही तेवढीच.

पोह्यांच्या वेळी वडिलांनी एकच गोष्ट विचारून घेतली होती. "मुलगी बी.एड. आहे. तिला शिकवायची फार हौस. नोकरी करू द्याल ना?" हे लगेच म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही." दोन्हीकडच्या मंडळींसमोर, घसा खाकरून, स्वच्छ आवाजात म्हणाले. सासूबाई भडगावकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तो हा म्हनना ते मनी काय ना शे?" म्हणजे लेकाचं हो असेल तर त्यांची ना नव्हती. झालं. ठरलं लग्न.

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे ही. पहिल्या दिवाळीला आम्ही जळगावहून धुळ्याला दिवाळसणाला गेलो. आमच्याकडे जावयाला पहिल्या दिवाळीला काहीतरी जोरदार द्यावंच लागतं, नाहीतर पुढं जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. वडिलांनी विचारलं, "जावईबापू, अंगठी करू की घड्याळ घेऊ?" हे आधी नको नको म्हणाले. दोनदा नको म्हणून झाल्यावर म्हणाले, "द्यायचंच असेल तर हेडफोन द्या." वडिलांना वाटलं, टेलिफोनचाच काहीतरी प्रकार असेल. मलाही फारसं काही माहीत नव्हतं.

आग्रा रोडवरच्या एका रेडिओ-टेपच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दिवाळीची गर्दी, बाहेर फटाके, आत आकाशकंदिलांचे दिवे लावून बघणारी माणसं. दुकानदारानं काउंटरवर तीन खोकी मांडली. एकातला हेडफोन जाड गादीचा होता, कानावर पालथी वाटी ठेवल्यासारखा. ह्यांनी तो लावला आणि लगेच काढला. "ह्यात गुदमरतं," म्हणाले. उरलेल्या दोघांना कानाच्या बाहेरच्या बाजूनं जाळी होती, चहाच्या गाळणीसारखी. एक मधल्या किमतीचा, एक भारीचा, परदेशी. दुकानदार म्हणाला, "ह्या भारीच्यात आवाज डोक्यात कोंडत नाही साहेब. गवई समोर बसल्यासारखा वाटतो."

ह्यांनी दोन्ही आळीपाळीनं लावून बघितले. मधला लावला की मान हलायची. भारीचा लावला की डोळेच मिटायचे. तोंडानं मात्र म्हणत होते, "मधला चालेल हो, कशाला उगाच खर्च." आणि बोटं भारीच्या खोक्यावरून हलत नव्हती. वडील बिचारे खिशाला हात लावून उभे. मला लावून बघ असं कुणी म्हटलं नाही. बायकांनी कानाला लावायची ती वस्तूच नव्हती. मी आपली उभी, हातात माहेरची पिशवी.

मी ह्यांना हळूच विचारलं, "फरक काय दोघांत?"

हे म्हणाले, "मधल्यात बाहेरचं सगळं ऐकू येतं. रिक्षा, कुकर, शेजारपाजार. भारीच्यात बाहेरचं काही म्हणजे काही नाही. तू शेजारी उभी राहून बोललीस ना, तरी कळायचं नाही मला."

मला काय वाटलं असेल? दया आली. जळगावात पिंप्राळ्याला आमचं घर अगदी रस्त्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दिवसभर रिक्षा आणि स्कूटरचे आवाज, समोर पिठाची गिरणी. माणूस दिवसभर फायलींत डोकं घालून येतो, त्याला घटकाभर शांतता मिळाली तर बिघडलं कुठं? शिवाय जावयाला मधलं दिलं असं व्हायला नको. मीच वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "नाना, घ्यायचंच तर भारीचं घ्या. उगाच जिवाला चुटपुट नको." नानांनी घेतलं. भारीचं म्हणजे कान बंद होत असणार, हे मला किती सरळ वाटलं होतं! जाड भिंतीचं घर महाग असतं ना, तसं.

मग जळगावात आमचा नेम सुरू झाला. हे संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, आणि पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत हेडफोन चढवून बसायचे. उजवा पाय ठेक्यावर हलायचा. डोळे मिटलेले. घरात देव बसल्यासारखं आम्ही त्या खोलीतून पावलं न वाजवता जायचो.

आता बोलायचं कसं अशा माणसाशी? आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. सासूसमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावायची तर नाहीच नाही. मी दारात उभी राहून "अहो, ऐकलं का" म्हणायची, आणि समोर तर कान बांधलेले. सुरुवातीला एकदा दाराशी कुणी आलं म्हणून मी घाईत ती वायर ओढली. बापरे, केवढे भडकले! "तुझ्याच बापानं घेतलेली वस्तू, तुलाच तिची किंमत नाही? तुटली असती म्हणजे?" सासूबाईंनीही मला डोळ्यांनीच दटावलं. त्यानंतर मी कधी हात लावला नाही. मधला घेतला असता तर ओढायची हिंमत तरी राहिली असती. भारीच्या वस्तूची घरात धास्तीच फार.

एक मात्र होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की हे आपणहून उठायचे आणि पाटावर येऊन बसायचे. मी म्हणायची, पोटातलं घड्याळ किती पक्कं आहे! कधी सासूबाई माझ्याशी बोलता बोलता म्हणायच्या की तूप संपत आलं, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पिशवीत तूप असायचं. मायलेकांना न बोलता कळतं, असं मी शेजारणीला सांगायची. शेजारीण म्हणायची, "भाग्याची आहेस हो." मीही खुळी, मान डोलवायची.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी मला बी.एड.ला शिकवणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्या आता जळगावातच एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या होत्या. शाळेची शिपाईणबाई दारात आली आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या, मराठीची जागा आहे, तुमच्यासाठी धरून ठेवते. पण शनिवारपर्यंत हो की नाही कळवा, नंतर माझ्या हातात नाही."

माझे पाय जमिनीला लागेनात. सासूबाईंना सांगितलं. त्यांचं तेच, "त्याले इचार." बरोबर होतं त्यांचं. आणि ह्यांनी तर सगळ्यांसमोर शब्द दिला होता. मग अडचण कसली? नुसतं सांगायचं, त्यांनी हो म्हणायचं, आणि मी साडी नेसून निघायचं.

संध्याकाळी हे आले, चहा घेतला, हेडफोन चढवला. मी दारातून म्हटलं, "अहो, ऐकलं का, बाईंचा निरोप आलाय. शाळेत जागा आहे." त्यांनी मान हलवली. माझा जीव हरखला. पण मान पुन्हा हलली, पुन्हा हलली. तालावर हलत होती. सासूबाई आतून म्हणाल्या, "थांब व माय, त्याले आयकू येस नही." मी थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला गेले तर हे आंघोळीच्या घाईत. "संध्याकाळी निवांत बोलू," म्हणाले. संध्याकाळी पुन्हा तेच. जेवताना सासूबाईंचं दुखणं निघालं, मग दिवे दुरुस्त करायला वायरमन येईना त्याचं निघालं, आणि हात धुतले की हे परत खुर्चीत. मी खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिले. शाळेचं नाव सांगितलं, शनिवारचं सांगितलं, बाई जागा धरून बसल्यात हेही सांगितलं. "तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी घरातलं सगळं करून जाईन. तुमच्या डब्याला कधी उशीर होणार नाही," असंसुद्धा म्हटलं. पाय ठेक्यावर हलतच होता. रात्री अंथरुणावरही हेडफोन, टेप उशाशी, आणि तसेच झोपून जायचे. उठवायची माझी छाती नव्हती. आजची कुणी मुलगी मला म्हणेल, ओढून काढायचा होता आणि फेकायचा होता! म्हण बाई, खुशाल म्हण. तुझ्या सासूसमोर कर आणि मग म्हण.

शनिवार गेला. मुदत टळली तशी रविवारी सकाळी माझा बांध फुटला. मी मोरीत भांडी घासता घासता हुंदके द्यायला लागले, तेव्हा हे धावत आले.

"अगं, काय झालं?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही पडला की काय सांगू! कपाळावर हात मारून घेतला त्यांनी. "अगं वेडे, मला सांगायचं नाही का? मी कधी नाही म्हटलं असतं का? मला ऐकूच आलं नाही गं! तो हेडफोन असा, तुला माहितीये ना."

सोमवारी मी बाईंकडे धावत गेले. जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. बाई म्हणाल्या, "मी वाट बघितली गं तुझी. मला वाटलं, तुलाच नकोय." मान खाली घालून परत आले. ती मुलगी पुढं रोज आमच्याच रस्त्यानं शाळेत जायची, कडक इस्त्रीची साडी, हातात पुस्तकं. मी दाराबाहेरच्या ओट्यावर तांदूळ निवडत असायची.

त्या सोमवारी हे येताना गरम जिलबी घेऊन आले. माझी समजूत काढायला. स्वतःच्या हातानं मला एक वेटोळं भरवलं, आणि मग आपले खुर्चीत जाऊन बसले, हेडफोन लावून. माझं मन इतकं भरून आलं! मी दारात उभी राहिले. एरवी तोंडावर असलं कधी बोलले नसते, लाज वाटायची. पण ह्यांना काय ऐकू येतंय, म्हणून बोलून टाकलं, "तुम्ही फार चांगले आहात हो. माझंच मेलीचं चुकलं. मलाच सांगता आलं नाही." पाय हलत राहिला. मी डोळे पुसून आत गेले.

नंतर वर्षं गेली. एक मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. बाई निवृत्त झाल्या. सरकारी नोकरीचं वयही माझ्या हातून निसटलं. टेप बदलला, हेडफोन तोच राहिला. त्याच्या कानाच्या गाद्यांचा मात्र भुगा व्हायला लागला, ह्यांच्या केसांत काळे तुकडे दिसायचे.

मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघाले, तेव्हा हे म्हणाले, "धुळ्याला चाललीच आहेस, तर त्याच दुकानातून गाद्या बदलून आण. जपून ने हं." मी आपली तो खोक्यात घालून, वर टॉवेल गुंडाळून, मांडीवर धरून नेला.

भावाला घेऊन दुकानात गेले. दुकान तेच होतं. दुकानदाराचे केस पिकले होते. त्यानं नव्या गाद्या बसवल्या, डेकला वायर लावली आणि म्हणाला, "लावून बघा वहिनी, दोन्ही बाजू वाजतात का ते."

मी गोंधळले. इतकी वर्षं घरात, आणि मी तो एकदाही डोक्यावर ठेवला नव्हता. लावला. आणि खरं सांगते, क्षणभर अंगावर काटा आला. तंबोरा इतक्या जवळ! गाणाऱ्या बाईनं श्वास घेतलेलासुद्धा कळला. मनात आलं, ह्यांचं काही चुकत नाही हो, एवढं सुंदर असेल तर माणूस हरवणारच.

आणि त्याच वेळी भाऊ म्हणाला, "अक्का, आटप. ऊन फार वाढतंय."

तो दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून उभा होता. हळूच म्हणाला होता. मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. पाठोपाठ शेजारच्या गाडीवर सोड्याची गोटी फुटली, तीही ऐकू आली. रिक्षाचा हॉर्न, दुकानदाराच्या हातातल्या किल्ल्या, सगळं. गाण्याच्या मागं सगळं जग जसंच्या तसं चालू होतं.

मी हेडफोन काढला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"हा बिघडलाय वाटतं," मी म्हटलं. "बाहेरचं ऐकू येतंय ह्यातून."

दुकानदार हसला. "बिघडला नाही वहिनी. ही जाळी कशाला आहे मग? हा उघडा प्रकार. ह्यात बाहेरचं ऐकू येणारच."

"आणि त्या वेळी तो मधल्या किमतीचा होता, तो?"

"तोही उघडाच. भारीचा तर त्याहून मोकळा. बंद पाहिजे असेल तर जाड गादीचा मिळतो, तो वेगळा." आणि त्यानं फळीवरचा एक काढून दाखवला. पालथ्या वाटीसारखा.

ह्यात गुदमरतं, म्हणाले होते. लावला आणि लगेच काढला होता.

जळगावच्या एसटीत मी खिडकीशी बसले. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मला काही दिसलं नाही. मनाशी मी पुन्हा पुन्हा एकच शनिवार उलगडत होते. माणूस नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, रडले असते, नानांना बोलावलं असतं, चारचौघांत दिलेला शब्द आठवून दिला असता. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून त्यानं ऐकलंच नाही. आणि ज्या वस्तूच्या आड तो बसला, ती माझ्या बापानं दिलेली, मी हट्टानं घ्यायला लावलेली. असा संताप आला मला! असा संताप, की मांडीवरचं खोकं खिडकीबाहेर भिरकावावं असं वाटलं. नाही भिरकावलं. नीट घेऊन आले. तो मला घरी शाबूत हवा होता.

संध्याकाळी नव्या गाद्या बघून हे खूष. खुर्चीत बसले, लावला, डोळे मिटले. पाय हलायला लागला. सासूबाई दाराशी मूग निवडत होत्या. मी कुकर चढवला आणि नेहमीच्या जागी, दारात येऊन उभी राहिले. आवाज नेहमीपेक्षाही बारीक ठेवला.

"शाळेचं मी सांगत होते, तेव्हा तुम्ही सगळं ऐकलं होतं."

पाय थांबला.

डोळे उघडले नाहीत, मान हलली नाही, पण पाय थांबला. गाणं चालूच होतं, जाळीतून मला त्याची बारीक कुरकुर ऐकू येत होती. मला जे हवं होतं ते मिळालं. बसमध्येही मनात कुठंतरी मला अजून वाटत होतं, की आपलंच काहीतरी चुकत असेल.

मी तेवढ्याच बारीक आवाजात पुढं बोलले. "सोमवारपासून मी ह्या खोलीत शिकवण्या घेणार आहे. रोज संध्याकाळी. तुमची हरकत असेल तर आत्ता बोला."

बोलायचं तर ऐकलं हे कबूल करायला हवं. मी वाट बघितली. भरपूर वाट बघितली. मग सासूबाईंकडं वळून म्हटलं, "आई, ह्यांची ना नाही. तुमची काही ना आहे का?" त्यांनी लेकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा सुपात मान घातली.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. हे उठले नाहीत. पहिल्यांदाच उठले नाहीत. सासूबाईंनी हाक मारली, "ऊठ ना भाऊ, ताट वाढेल शे." तरी नाही. कसे उठणार? मी माझं ताट वाढून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी जेवायला बसले.

शिकवण्या सुरू झाल्या. पोरं बेंबीच्या देठापासून पाढे म्हणायची आणि मी त्यांना आणखी मोठ्यानं म्हणायला लावायची. हे तिथंच खुर्चीत, हेडफोन लावून, चेहरा दगडासारखा. पावसाळा लागेपर्यंत टिकले. मग एके दिवशी "पुढच्या खोलीत डास फार झालेत" म्हणाले आणि खुर्ची आतल्या खोलीत गेली. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, किती समजूतदार नवरा, बायकोसाठी खोली मोकळी करून दिली.

त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. त्यांना ऐकू येत नाही असं धरून मी त्यांच्यासमोर किती काय बडबडले असेन, सासूबाईंवरचा राग, स्वतःवरचा राग, माझी आई गेली तेव्हाचं रडणं. ते सगळं ऐकलं असेल तर ऐकू दे, त्याची मला लाज नाही. पण त्या जिलबीच्या संध्याकाळी मी दारात उभी राहून म्हटलं होतं, तुम्ही फार चांगले आहात हो. तेही त्यांनी ऐकलं, आणि पाय हलवत बसले. तेवढं एक वाक्य मला परत हवंय.